ग्लॅडस्टन पार्कचा चढ: शनिवारच्या पार्करनला दम पुरत नाही, काय करू?

नीलमोहर

नमस्कार मंडळी. लंडनमधल्या आणि बाकीच्याही पळणाऱ्यांना विचारते आहे.

मी नीसडनला राहते, वय ५१, मूळची नाशिकची. दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहून काम असतं. मध्यंतरी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, रक्त तपासलं तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ४४ आलं. इथल्या मोजणीत ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तिथल्या नर्सने नीट समजावून सांगितलं की आत्ताच गोळी नको, आधी वजन आणि हालचाल बघू. घराजवळ शनिवारी पार्करन असतं, म्हणजे बागेत सगळ्यांनी मिळून पळायचा कार्यक्रम, तिथे जाऊन बघ, असं तिनेच सुचवलं.

घराजवळचं म्हणजे ग्लॅडस्टन पार्क. सकाळी नऊला सुरू होतं, पाच किलोमीटर, पैसे नाहीत. मला तिथलं वातावरण मनापासून आवडलं आहे. पण पार्क अख्खं उतारावर वसलेलं आहे. एका अंगाला सखल मैदानं, दुसऱ्या अंगाला वर डॉलिस हिल लेन. फेऱ्या मारायच्या असल्यामुळे चढ एकदा संपून सुटका होत नाही, तो परत येतो. पहिल्या वेळी मी सगळ्यांबरोबर पळत वर जाते. नंतर मात्र अर्ध्या चढावरच दम संपतो, पोटऱ्या भरून येतात, आणि बाबागाडी ढकलत पळणारे बाप मला मागे टाकून जातात. एकदा असं झालं की पुढे सपाटीवरही पाय उचलत नाहीत.

चढ चालत चढला तर चालतं का? लोक काय म्हणतील हा प्रश्न मला पडतो, खोटं कशाला सांगू. मुलगा म्हणतो बुशी पार्कला जा, तिथे सगळं सपाट आहे, आधी तिथे तयारी कर. पण ते आमच्यापासून फार लांब, दोन गाड्या बदलून जायचं. शिवाय मला माझ्या घराजवळचंच हे जमायला हवं आहे. ज्यांना चढावरचा अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा.

पसरणीघाट

नीलमोहरताई, मी याच चढावर पळतो, त्यामुळे तुम्ही काय म्हणता ते मला डोळ्यांपुढे दिसतंय. वय ६२, मूळ गाव वाई. जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी एक महत्त्वाचं. चढावर धाप लागणं वेगळं आणि छातीत दाटून येणं, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं. यातलं काही होत असेल तर जागच्या जागी थांबा, जवळच्या स्वयंसेवकाला सांगा, आणि पुढचं पळणं जीपीशी बोलून मगच. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह आणि हृदयविकार कमी वयात आणि कमी वजनात गाठतात. म्हणून तर आपल्यासाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची, धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ ला धरतात. तुमच्या नर्सने तुम्हाला पार्करनला पाठवलं याचं मला फार बरं वाटलं. इथल्या जीपींची संस्था रॉयल कॉलेज आणि पार्करन यांनी २०१८ पासून मिळून हा उपक्रम चालवला आहे, दवाखाने जवळच्या पार्करनशी जोडून घेतात आणि पेशंटला तिकडे पाठवतात.

आता चढाचं. तुमचा दम चढावर संपत नाही. तो चढाच्या आधीच खर्च झालेला असतो, चढावर फक्त हिशेब लागतो. तुम्ही लिहिलंय की पहिल्या वेळी "सगळ्यांबरोबर" वर जाता. ताई, सगळं दुखणं त्या एका शब्दात आहे. सुरुवातीला घोळका सुटतो, अंगात उत्साह असतो, आणि शेजारचा ज्या वेगाने चढतो त्याच वेगाने आपण चढतो. दहा टक्के चढावर त्याच वेगाने पळायला सपाटीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. बरं, उतारावर ती सगळी परत मिळते का? नाही. तेवढ्याच उतारावर सपाटीच्या साधारण साठ टक्के खर्च येतो, म्हणजे चढावर जेवढं जास्त गेलं त्यापेक्षा उतारावर कमी वाचतं. त्यामुळे चढउताराच्या वाटेवर सपाटीची वेळ मिळावी ही अपेक्षाच धरू नका. बुशी पार्कची वेळ आणि तुमची ग्लॅडस्टनची वेळ शेजारीशेजारी ठेवून बघण्यात अर्थ नाही.

माझे वडील वाई डेपोला एसटी ड्रायव्हर होते, पसरणी घाटातून पाचगणीच्या फेऱ्या करायचे. लहानपणी मी त्यांच्यामागच्या सीटवर बसून जायचो. वळण आलं की गिअर बदलायचा नाही, वळण यायच्या आधी बदलायचा, हे त्यांचं पक्कं होतं. घाटात मध्येच गाडीची ताकद संपली की मग काही करता येत नाही. पळतानाही अगदी तेच. चढ सुरू व्हायच्या वीस-तीस पावलं आधी वेग सोडा. मुद्दाम सोडा, अजून दम आहे असं वाटत असतानाच सोडा. लोक पुढे जातील, जाऊ द्या.

मग पावलं लहान करा, एवढी लहान की सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटेल. टाच टेकलीच पाहिजे असं नाही. कमरेतून वाकू नका, बहुतेक जण वाकतात आणि मग श्वासाला जागा उरत नाही. वाकायचंच तर घोट्यापासून सगळं अंग किंचित पुढे. हात मागे-पुढे हलवत ठेवा, खांदे सैल. नजर चढाच्या टोकाकडे नको, पाच-सहा मीटर पुढे असू द्या. आणि पळता पळता एक आख्खं वाक्य मोठ्याने बोलून बघा, "आज संध्याकाळी मंडळात कार्यक्रम किती वाजता आहे?" एवढं. वाक्य मध्ये न तुटता बोलता आलं तर वेग योग्य आहे. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर चाला.

हो, चाला. याचं उत्तर स्पष्ट शब्दांत देतो, कारण तुम्ही संकोचून विचारलंय. चढ चालत चढणं पूर्णपणे मान्य आहे. पार्करन ही शर्यत नाही, ते स्वतःच हे सुरुवातीच्या सूचनांत सांगतात. ऑक्टोबर २०२२ पासून तर पार्कवॉक म्हणून चालणाऱ्यांना मुद्दाम बोलावतात. सगळ्यात शेवटी एक स्वयंसेवक चालत असतो, टेल वॉकर. त्याचं कामच शेवटून यायचं असतं, त्यामुळे तुम्ही कधीच शेवटच्या नसता. दुसरं असं की तीव्र चढावर धापा टाकत पळणाऱ्याचा आणि दमदार चालणाऱ्याचा वेग जवळजवळ सारखाच पडतो. फरक वर पोचल्यावर कळतो. चालणारा लगेच पळायला लागतो आणि पळणारा उभा राहतो. चढाचा एक भाग ठरवून घ्या, अमुक झाडापर्यंत पळायचं आणि तिथून वर चालायचं. दमल्यावर चालायला लागणं आणि ठरवून चालणं यात फार फरक आहे, मनाला आणि पायांनाही.

उताराबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण तेही सांगतो. उतारावर दम लागत नाही म्हणून आपण सुटतो. तेव्हा मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलत असतात, म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. वडील म्हणायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा. लहान पावलं, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल शरीराच्या पुढे लांब टाकायचं नाही. ओली पानं पडलेली असतील तेव्हा तर फारच जपून.

वेळेबद्दल. शनिवारी दुपारपर्यंत ईमेल येते, त्यात तुमच्या वेळेबरोबर एक टक्केवारी असते, एज ग्रेड. तुमच्या वयाच्या बाईची जगातली सर्वोत्तम वेळ धरून तुम्ही तिच्या किती जवळ आहात ते ती सांगते. माझी नुसती वेळ आता दरवर्षी वाढणार हे उघड आहे, टक्केवारी मात्र अजून सुधारू शकते. मी तीच बघतो. २०२४ च्या सुरुवातीला पार्करनने आपल्या संकेतस्थळावरून मार्गांचे विक्रम आणि सर्वात वेगवान लोकांच्या याद्या काढून टाकल्या. त्यावर पुष्कळ वाद झाला. माझ्या वेगवान मित्रांना वाईट वाटलं आणि त्यांची बाजू मला समजते, पण नवीन येणाऱ्या माणसाला पहिल्याच भेटीत विक्रम दाखवून बुजवू नये हे मला पटतं.

बुशी पार्कला एकदा जरूर जा, पण तयारीसाठी नको, दर्शनासाठी जा. २ ऑक्टोबर २००४ ला तिथे १३ जण धावले आणि हे सगळं सुरू झालं. पॉल सिंटन-ह्युइट यांना दुखापतीमुळे स्वतः पळता येत नव्हतं, पण पळणारे मित्र दर आठवड्याला भेटत राहावेत एवढीच त्यांची इच्छा होती. ज्याला पळता येत नाही त्याने हे सुरू केलं, ही गोष्ट मला या उपक्रमाचं मूळ वाटते.

आणि शेवटी आपल्या पार्कबद्दल. आपलं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, त्याची वास्तू याच डॉलिस हिल लेनवर. गणपतीला, दिवाळी पहाटेला कुठून कुठून मराठी माणसं तिथे येतात आणि पार्कच्या कडेने निघून जातात. हे मला खरंच खटकतं. पार्क १९०१ साली खुलं झालं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात अमेरिकन लेखक मार्क ट्वेन वरच्या डॉलिस हिल हाउसमध्ये राहून गेला होता, आणि ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन तर तिथे नेहमी उतरायचे, म्हणून हे नाव. ते घर २०१२ साली पाडलं. पण वरून दिसणारा देखावा तसाच आहे, स्वच्छ दिवशी वेंब्लीची कमान समोर असते. चढाच्या डोक्यावर पोचलात की एकदा डोकं वर करून तिकडे बघा. वेळ थोडी गेली तरी चालेल.

अजिंक्यतारा

काका, वाईकरांना सातारकरांचा नमस्कार. पसरणी घाट वाचून लगेच लिहायला बसले.

तुमचं बहुतेक सगळं पटलं, एका गोष्टीवर मात्र माझं मत वेगळं आहे. ताईंना इतक्या लवकर चालायला सांगू नका. आमच्याकडे हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. २१ किलोमीटर, गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर जायचं आणि त्याच वाटेने परत. अर्धं अंतर चढ, अर्धं उतार. आमचा गट दर रविवारी पहाटे तो घाट चढतो. पावसाळ्यात धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, फक्त पावलांचा आवाज येतो. नवीन बायका गटात आल्या की मी त्यांना सांगते, वेग चालण्याइतका कमी झाला तरी चालेल, पण पळण्याची लय सोडू नका. एकदा चालायला लागलं की पुढच्या वळणावर मन परत तेच मागतं. शिवाय चढावर पळताना पायावर आदळणं सपाटीपेक्षा कमी होतं. गुडघे जपत ताकद वाढवायची असेल तर चढासारखं दुसरं काही नाही.

ताई, तुम्ही शनिवारीच फक्त चढाला भेटता ही खरी अडचण आहे. आठवड्यात मध्ये एकदा, बुधवारी म्हणा, कामावरून येताना त्याच चढावर जा. आधी दहा मिनिटं सपाटीवर चाला. मग चढावर अर्धा मिनिट जरा जोर लावून वर, चालत सावकाश खाली, श्वास पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं, परत वर. चार वेळा पुष्कळ झालं. जास्त करायचा मोह होईल, करू नका. घरी जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा खाली-वर करा, पोटऱ्या भरून येणं त्यानेच कमी होईल. दिवसभर उभं राहण्याचं काम आहे म्हणता, तर हे पायांसाठी तसंही हवंच.

आणि रिकाम्या पोटी जायचं की खाऊन, हे कुणीतरी विचारेलच. पाच किलोमीटरसाठी सकाळी मुद्दाम काही खायची गरज नसते. पाणी प्या. तुमची साखर उंबरठ्यावर आहे तर ती रंगीत गोड पेयं अजिबात नकोत. तुम्हाला अजून गोळ्या नाहीत हे ठीक, पण हे वाचणाऱ्या कुणी साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर रिकाम्या पोटी पळायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

वेताळटेकडी

पुण्याहून लिहितोय. इथे पहाटे वेताळ टेकडीवर पळणारे आम्ही चालण्या-पळण्याचा हा वाद रोज ऐकतो. मला वाटतं दोघांचंही खरं आहे, चढ किती तीव्र आहे त्यावर ते ठरतं.

कधी रविवारी सिंहगड आतकरवाडीच्या वाटेने चढलात तर दह्याची मडकी घेऊन गडावर जाणाऱ्या मावशींकडे बघा. डोक्यावर ओझं, पायात साध्या चपला. आमच्यातली तरणी पोरं भारी बूट घालून सुरुवातीला त्यांना मागे टाकतात आणि अर्ध्या वाटेत दगडावर बसलेली दिसतात. मावशींचं पाऊल लहान असतं, सारखं असतं, आणि थांबत नाही. मी चढ चढायला त्यांच्याकडे बघूनच शिकलो.

क्लाइडकाठ

मी ग्लासगोमध्ये नर्स आहे. आमचं शनिवारचं ठिकाण क्वीन्स पार्क, तेही टेकडीवर. स्कॉटलंडमध्ये नऊऐवजी साडेनऊला सुरू होतं, कारण डिसेंबर अखेरीस इथे सूर्यच पावणेनऊच्या सुमाराला उगवतो. नीलमोहरताई, पळण्याच्या तंत्राचं वरती छान आलंय, मी बाकीचं लिहिते.

लोक काय म्हणतील याचं उत्तर मी शेवटच्या रेघेवर उभी राहून मिळवलंय. रात्रपाळी करून आले की मला पळवत नाही, तेव्हा मी पळून आलेल्यांचे बारकोड स्कॅन करायला उभी राहते, त्यावरून वेळ नोंदली जाते. तिथून सगळे येताना दिसतात. पुढचे वेगवान लोक येतात, श्वास सावरतात आणि परत वळून उभे राहतात, मागून येणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला. शेवटचा माणूस येईपर्यंत आम्ही कुणी हलत नाही. कोण चढावर चाललं हे कुणाला आठवतही नाही. आठवतं ते हे, की मागच्या शनिवारी अमुक आजी आल्या नव्हत्या, बऱ्या आहेत ना.

माझ्या सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या तेव्हा त्यांची पण नोंदणी केली. एकदाच करायची, फुकट असते, आणि तेव्हा मिळालेला तोच बारकोड जगात जिथे पार्करन आहे तिथे चालतो. पंजाबी ड्रेस आणि बूट घालून त्या टेल वॉकरबरोबर गप्पा मारत चालल्या. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं आणि त्या स्कॉटिश बाईंना मराठी शून्य, तरी दोघी तासभर बोलत होत्या. शेवटी आपल्या क्रमांकाचं टोकन हातात मिळालं ते घरी न्यायचं नसतं, परत द्यायचं असतं, हे सासूबाईंना समजावताना मात्र वेळ गेला. त्यांना ते आठवण म्हणून हवं होतं.

काही बारीकसारीक गोष्टी. बारकोड फोनमध्ये ठेवा, पण एक कागदावर छापून खिशातही ठेवा, थंडीत फोन अचानक बंद पडतो. बारकोड नसेल तर पळता येतं, पण तुमची वेळ नोंदली जात नाही. थंडीच्या दिवसांत बर्फ साचून वाट निसरडी असली तर ऐनवेळी रद्द होतं, म्हणून निघायच्या आधी त्यांचं फेसबुक पान बघा. चढउताराच्या ठिकाणी हे जास्त होतं. नातवंडं किंवा लहान मुलं आणणार असाल तर अकरा वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरातच हवं. चार ते चौदा वर्षांच्या मुलांचं वेगळं दोन किलोमीटरचं रविवारी असतं.

आणि कृपा करून थंडीत सुरू केलेलं उन्हाळ्यापर्यंत टिकवा. आमच्याकडे जानेवारीत गर्दी होते आणि मार्चमध्ये ती माणसं दिसत नाहीत. मला त्यांची चुटपुट लागते.

नीलमोहर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं आपुलकीने कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय.

परवाच्या शनिवारी जाऊन आले. या वेळी अगदी मागे उभी राहिले. चढाच्या आधी वेग सोडला, अर्ध्यापर्यंत लहान पावलांनी पळाले आणि एका बाकापासून वर ठरवून चालले. अजिंक्यताराताई, पुढे बाक थोडा थोडा वर सरकवीन, तुमचंही ऐकायचं आहे. मोठ्याने वाक्य बोलले तेव्हा शेजारून पळणाऱ्या एका गुजराती काकूंनी "केम छो" विचारलं आणि पुढची सगळी फेरी आम्ही बरोबर केली. वेळ आधीपेक्षा थोडी जास्त लागली. पण शेवटच्या चढानंतर मी पळत होते, उभी राहिले नाही. वेंब्लीची कमान पाहिली.

आता दोन गोष्टी. सोमवारी जिना उतरताना मांड्या इतक्या दुखल्या की कठडा धरावा लागला. पसरणीघाटकाका म्हणाले तसा उतार जपून उतरले होते तरी. हे ठीक आहे ना? दुसरं, आमचे हे माझ्याबरोबर येऊन नुसते उभे होते, थंडीत कुडकुडत. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पळणं शक्य नाही, चालण्यालाही मर्यादा आहे. पण त्यांना तिथे काहीतरी करायची इच्छा दिसते. त्यांच्यासाठी काही आहे का?

पसरणीघाट

ताई, वाचून आनंद झाला.

मांड्यांचं दुखणं दोन्ही पायांत सारखं असेल, स्नायूत असेल, आणि तीन-चार दिवसांत ओसरत असेल तर काळजी नको. उतारानंतरचं ते नेहमीचं दुखणं आहे. स्नायू एकदा उताराचा भार झेलतात तेव्हा पुढच्या वेळेसाठी तयार होतात, म्हणून तोच उतार पुढच्या खेपेला बराच कमी दुखवतो. यासाठी मध्ये फार मोठा खंड पडू देऊ नका. दुखतंय म्हणून पूर्ण बसूनही राहू नका, हलकं चालणं ठेवा. पण दुखणं एकाच गुडघ्यात, सांध्याच्या आत असेल, सूज दिसत असेल किंवा पायऱ्यांवर गुडघा अडकल्यासारखा होत असेल तर तो वेगळा विषय, मग फिजिओथेरपिस्टला दाखवायचं.

तुमच्या यजमानांसाठी कामच काम आहे. दर शनिवारी माणसं कमीच पडतात. वळणांवर उभं राहून वाट दाखवायला मार्शल लागतो, शेवटी टोकन द्यायला कुणी लागतं, बारकोड स्कॅन करायला लागतं. अनुभव लागत नाही, कुठलं काम कसं करायचं ते तिथेच पाच मिनिटांत सांगतात. उभं राहणं फार वेळ जमत नसेल तर घडीची खुर्ची आणली तरी कुणी हरकत घेत नाही. त्यांची पण पळणाऱ्यांसारखीच नोंदणी करा, मग ग्लॅडस्टनच्या पानावरच्या पत्त्यावर आधी एक ईमेल टाका, स्वयंसेवक म्हणून येतोय असं. ते जितक्यांदा काम करतील त्याची नोंद राहते आणि ठरावीक टप्प्यांवर पळणाऱ्यांसारखंच त्यांचंही कौतुक होतं.

त्यांना आवडणार असेल तर मार्शल म्हणून चढाच्या डोक्यावरची जागा मागून घ्या. तिथे उभ्या असलेल्या माणसाचा फार उपयोग होतो, हे मी दर आठवड्याला वर येताना अनुभवतो. ओळखीचा चेहरा दिसला, "आलंच, आलंच" असं कुणी मराठीत म्हटलं, की शेवटची दहा पावलं निघून जातात.

या शनिवारी मीही आहे. स्वयंसेवकांना साडेआठपर्यंत पोचायचं असतं, पिवळं जाकीट तिथे मिळतं. पाऊस सांगितलाय, पण त्यांना छत्री नको म्हणावं, दोन्ही हात मोकळे लागतात. टोपीचा रेनकोट घाला आणि आत लोकरीचं काहीतरी. उभ्या माणसाला पळणाऱ्यापेक्षा जास्त थंडी वाजते.